द्वारकाकाकूंचं इंग्रजी

"ट्रान्सफर," बऱ्हाटेकाका म्हणाले. मग पुन्हा, जरा जोरात, "ट्रान्सफर!"

द्वारकाकाकू पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काकांच्या कपाळावरून हात फिरवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आता कुठली ट्रान्सफर हो? रिटायर होऊन दोन वर्षं झाली तुम्हाला. आता कुणी कुठं पाठवत नाही."

काकांनी डाव्या हाताने पलंगाची कड थडाथडा बडवली. चेहरा लाल झाला होता. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं आणि अजून दारातच उभी होते.

काकूंना ओळखत होते ती आईच्या भजनी मंडळातल्या म्हणून. आदल्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या, पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "नयना, मला इंग्रजी शिकव. आमचे हे इंग्रजीत जाऊन बसलेत."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. मुरलीधर बऱ्हाटे भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. उभी नोकरी फोनवर गेली. कुठली गाडी कुठं थांबवायची, कुठली पुढं सोडायची, हे दिवसभर स्टेशनांना सांगायचं, आणि तेही इंग्रजीत. त्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण बोलणं गेलं. महिनाभराने थोडं परत आलं, ते इंग्रजीच. मराठीचा एक शब्द तोंडातून फुटेना. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं की त्यांना तुमचं सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. एका भाषेचं दार बंद होतं आणि दुसरीचं किलकिलं राहतं, असं कधी कधी होतं. काकू सातवी शिकलेल्या. ज्या माणसाबरोबर तीस-पस्तीस वर्षं संसार केला, तो रोज काहीतरी मागत होता आणि त्यांना ते समजत नव्हतं.

मी नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते. शिकवीन म्हणाले.

काकांची नजर काकूंवर नव्हती. ती वर कपाटाकडे लागली होती. कपाटावर फुलाफुलांच्या कापडाने झाकलेलं काहीतरी होतं.

"काका, ट्रान्झिस्टर?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात वर केला.

हात वर म्हणजे हो, हे काकूंनी आणि त्यांनी दवाखान्यातच ठरवलं होतं. काकूंनी ट्रान्झिस्टर खाली काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या उशाशी लावून दिला. जुनं कुठलंसं गाणं लागलं होतं. काकू मागच्या दारी गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस झाले ते ट्रान्सफर ट्रान्सफर म्हणताहेत. मी रोज त्यांना रिटायर करत होते."

त्या दिवशी आम्हाला किल्ली सापडली. काकांच्या शब्दांची सुरुवात बरोबर असायची, शेपूट चुकायचं. रूळ बरोबर, पण सांध्यावर गाडी भलत्या लाईनीला जायची, असं मी पुढं काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मग आमची शिकवणी सुरू झाली. पुस्तकातलं इंग्रजी बाजूला ठेवलं. काका जो शब्द बोलतील, त्याच्यासारखी सुरुवात असलेले रोजच्या वापरातले शब्द मी डिक्शनरीतून काढायची, काकूंना अर्थ सांगायची, आणि काकू एकेक शब्द काकांना विचारायच्या. जेवण झाल्यावर काका "कंप्लेंट" म्हणायचे आणि काकूंना वाटायचं भाजीत काहीतरी कमी-जास्त झालं. त्यांनी मीठ कमी करून बघितलं, तेल कमी करून बघितलं. ते "कंप्लीट" होतं. पोट भरलं, बास. शेजारचा टीव्ही मोठ्याने लागला की ते "डिस्पॅच" म्हणायचे, ते "डिस्टर्ब" होतं. एकदा दुपारभर "कॉन्ट्रॅक्ट" चाललं होतं. कंट्रोल, कंटिन्यू, कन्फर्म, कंडिशन, मी सगळं म्हणून बघितलं. शेवटी काकूंनीच विचारलं, "कनेक्शन?" कूलरची पिन बोर्डातून निघाली होती. शब्द त्यांना गॅसमुळे माहीत होता.

शाळेत कधी शिकल्या नसतील अशा वेगाने काकू शिकल्या. एक गोष्ट मात्र त्या शिकल्या नाहीत: झोपायचं. काकांना काकूंचं नावही घेता येत नव्हतं. रात्री लागलं तर हाक कशी मारणार? म्हणून काकूंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याचं एक टोक काकांच्या डाव्या मनगटाला बांधलं होतं, दुसरं स्वतःच्या. काठ ओढला की त्या उठायच्या. पण ओढ लागेल, लागेल या धास्तीने त्यांचा डोळा लागायचा नाही. दिवसा उठवणं-बसवणं, अंघोळ, कपडे, औषधं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, ब्लाउज दंडावर ढगळे झाले. बाई ठेवा, असं माझी आई म्हणाली तर काकूंनी विषयच बदलला. त्यांचं एकच होतं: परक्या माणसाला त्यांचं काय कळणार?

जुलैच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. काकांनी काठ ओढणं बंद केलं. सकाळी बिछाना ओला असायचा, आणि काकांची मान भिंतीकडे. काकूंना वाटलं, दुखणं वाढलं, आता त्यांना तेवढंही कळेनासं झालं. आणि त्याच आठवड्यात काकू नळाशी चक्कर येऊन पडल्या. शेजारच्यांनी पुण्याला फोन केला, आणि शनिवारी हेमकांतदादा आला.

हेमकांत हा त्यांचा एकुलता मुलगा. पुण्यात एका कंपनीत होता, घर दोन खोल्यांचं, दोन्ही मुलं शाळेत जाणारी. त्याने सगळी चौकशी करून ठेवली होती. नाशिकला अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था होती, स्वच्छ, चोवीस तास नर्स. एक जागा रिकामी झाली होती आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आईला पुण्याला नेणार होता.

काकू म्हणाल्या, "मी त्यांना कुठंही पाठवणार नाही."

"आई, तू पडलीस. उद्या तूही अंथरुणाला खिळलीस तर दोघांचं कोण बघेल?" त्याचा आवाज चढला नव्हता. उलट तो रडवेला झाला होता. "मला नानांना हाकलायचं नाहीये. मला तुम्ही दोघं पाहिजेत."

काका ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडून शब्द येऊ लागले.

"रिपोर्ट," ते म्हणाले. डोकं हलवलं, तो नव्हता. "रिपीट. रिझर्व्ह." पुन्हा डोकं हलवलं.

मी त्यांच्यासमोर बसले आणि आम्ही शोधायला लागलो. रिमेन, म्हणजे इथंच राहणं? काकूंनी आशेने विचारलं. हात वर गेला नाही. रिमूव्ह, रिटर्न, रिफ्यूज. नाही. रेस्ट म्हटल्यावर त्यांचा हात जरासा हलला, पण वर गेला नाही. मग ते स्वतःच, ओठ चावत, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, "रि... लीव्ह. रिलीव्ह."

"रिलीव्ह?" मी विचारलं.

हात वर गेला. पूर्ण वर, आणि वरच राहिला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला अर्थ सांगायचा नव्हता, पण त्या थांबल्या होत्या. मी म्हणाले, "मोकळं करणं. सुटका करणं."

काकांनी हात खाली घेतला, काकूंकडे बोट केलं, मग दाराकडे. पुन्हा काकूंकडे, पुन्हा दाराकडे. "रिलीव्ह," ते म्हणाले. "गो. गो."

"सुटका पाहिजे?" काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

काकांनी हात वर केला.

हेमकांतदादाने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बघ आई. नानांना पण इथं नको वाटतंय." आणि मग, बहुधा काकूंचं तोंड बघून, त्याने पुढचं बोलणं गिळलं आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. माझ्या मनात त्याहून वाईट आलं होतं. मला वाटलं होतं, काकांना नाशिकही नको आहे, भुसावळही नको आहे. त्यांना संपवायचंच आहे. ते मी बोलले नाही. पण काकूंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्यांनी काकांच्या गोळ्यांचा डबा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी गेले तेव्हा हेमकांतदादा परतीचं रिझर्वेशन करायला स्टेशनवर गेला होता. काकू काकांना मुगाची खिचडी भरवत होत्या. रात्रभर रडल्या असाव्यात, पापण्या सुजलेल्या होत्या. काका तोंड उघडत नव्हते. चमचा जवळ आला की ते ओठ मिटायचे आणि कालचाच शब्द पुटपुटायचे.

काकूंनी दोनदा चमचा नेला, दोनदा परत ताटलीत ठेवला. मग ताटली खाली ठेवली. त्यांना राग आला होता. इतक्या दिवसांत मी त्यांचा राग पहिल्यांदा बघितला.

"नाही जाणार मी," त्या म्हणाल्या. "कितीही वेळा दार दाखवा. मला जा म्हणता? तुम्ही कधी गेले होते खुर्ची सोडून? सणावाराचं ताट झाकून मी बसायची, आणि निरोप यायचा, साहेबांचा रिलीव्हर आला नाही, घरी येत नाहीत. हेमकांतच्या बारशाला आले नाहीत. रिलीव्हर आला नाही. माझी आई गेली तेव्हा मला गाडीत बसवून द्यायला आले नाहीत. रिलीव्हर आला नाही. मी कधी काही म्हटलं? दुसरा माणूस आल्याशिवाय ड्यूटीवरून उठायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलं ना मला? मग आता माझी ड्यूटी आहे. माझा कोण रिलीव्हर येणार आहे, की मी उठून..."

त्या थांबल्या.

काकांचा हात वर होता. ते पलंगावरून अर्धे उठायला बघत होते आणि त्यांच्या घशातून काहीतरी हुंदक्यासारखं येत होतं.

काकूंनी हळूच विचारलं, "माझ्यासाठी? रिलीव्हर माझ्यासाठी म्हणत होते तुम्ही?"

हात वरच होता. काकांनी तोच हात खाली आणून काकूंच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळावर अंगठा टेकवला. "ड्यूटी ओव्हर," ते म्हणाले. एकही अक्षर न अडखळता, फोनवर बोलल्यासारखं. "गो. स्लीप."

आणि मी डिक्शनरीत शोधत बसले होते. काकूंच्या घरात रिलीव्हर हा शब्द तीस वर्षं भाकरी-भाजीसारखा वावरत होता, आणि तो इंग्रजी आहे हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

काकूंना मग दुसरंही कळलं. त्यांनी काकांच्या मनगटावरचा काठ हातात घेतला. "म्हणून ओढत नव्हते?" त्यांनी विचारलं. "मला उठवायचं नाही म्हणून? तसेच ओल्यात पडून राहायचे?"

काकांनी हात वर केला नाही. मान भिंतीकडे वळवली. त्यांना लाज वाटली होती. काकूंनी त्यांची मान दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली आणि उरलेली खिचडी भरवली. यावेळी ते मुकाट्याने जेवले.

हेमकांतदादा आला तेव्हा मी त्याला अंगणातच सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला. तिकीट त्याच्या हातात होतं. लहानपणी तो रिलीव्हर नावाच्या माणसाला शिव्या द्यायचा, म्हणाला. त्याला वाटायचं, रिलीव्हर हे कुणाचं तरी आडनाव आहे.

मग तो आत गेला, चप्पल काढून पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "नाना, मी आलोय. आईला सोडा."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना अजून काहीतरी हवं होतं. त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या कोनाड्याकडे बोट केलं, पाण्याच्या तांब्याकडे, उशाखालच्या टॉवेलकडे, आणि काकूंकडे बघत राहिले. मला काही कळेना. काकूंना लगेच कळलं. "चार्ज द्यायला लावताहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वयंपाकघरातून गोळ्यांचा डबा आणून मुलाच्या हातात दिला. कोणती गोळी कधी, पाणी किती, कुशीवर वळवताना हात कुठं धरायचा, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. शेवटी काठाचं आपलं टोक त्याच्या मनगटाला बांधलं.

त्यातली गंमत अशी की एवढं करून काकू आत गेल्या, आडव्या झाल्या आणि लगेच परत आल्या. वरण गॅसवर ठेवायचं राहिलं, म्हणाल्या. मी ठेवते म्हटलं. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्या वेळी काकांनी दाराकडे असं बोट केलं की त्या वळल्या. मी मागून जाऊन खिडकीचा पडदा ओढला. तोवर त्या झोपल्या होत्या, चष्मा तसाच डोळ्यांवर. मी तो काढला तरी त्यांना कळलं नाही.

त्या दुपारी हेमकांतदादाने वडिलांचे कपडे बदलले, आयुष्यात पहिल्यांदा. त्याचे हात चुकत होते आणि काका डाव्या हाताने मदत करत होते. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हते. झाल्यावर हेमकांतदादा घामाघूम झाला होता. "आई हे रोज करते?" त्याने मला विचारलं. मी हो म्हणाले. तिकीट त्याने रद्द केलं आणि चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत त्याने रेल्वे दवाखान्यातून निवृत्त झालेले एक वॉर्डबॉय शोधून काढले, सोनुकाका म्हणून. ते संध्याकाळी यायचे आणि सकाळी जायचे. काकूंना परका माणूस नको होता, पण काकांनीच त्यांना सोनुकाकांकडे चार्ज द्यायला लावलं. महिन्यातून दोनदा हेमकांतदादा यायला लागला. नाशिकचं नाव पुन्हा निघालं नाही. काका त्यानंतर तीन वर्षं होते. मराठी आली नाही. काकूंचं इंग्रजी मात्र इतकं सुधारलं की मी बी.एड.ला गेल्यावर त्यांना माझी गरज पडली नाही.

पण मला आठवतो तो तोच रविवार. दुपार कलली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी काकू उठल्या नव्हत्या. काका झोपले नाहीत. हेमकांतदादा स्टुलावर पेंगत होता, आणि काका टक्क जागे, आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. बाहेर भंगारवाला ओरडत आला तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला खूण केली, आणि मी धावत जाऊन त्याला पुढं पाठवलं. फाटकाची कडी वाजली, पुन्हा बोट. पहारा चालला होता.

दिवेलागणीच्या सुमाराला काकू उठल्या. दचकून, धावत बाहेर आल्या. अंबाडा सुटलेला, गालावर उशीच्या शिलाईची रेघ उमटलेली. आम्ही उठवलं का नाही, काका जेवले का, गोळी दिली का, सगळं एका दमात विचारलं. हेमकांतदादाने दिली म्हणून सांगितलं. काका नुसते काकूंकडे बघत होते, वरपासून खालपर्यंत, कितीतरी वेळ.

काकूंचा हात आपोआप केसांकडे गेला. "काय बघताय?" त्या म्हणाल्या.

काकांचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"फ्रेश," ते म्हणाले.

त्यांना तोच शब्द म्हणायचा होता, की तशीच सुरुवात असलेला दुसरा कुठला, ते मी शोधायला गेले नाही. डिक्शनरी टेबलावरच होती. काकूंनीही मला अर्थ विचारला नाही. त्या आत गेल्या, आरशासमोर उभ्या राहून सावकाश केस विंचरले, आणि मग चहा ठेवला.